पहिली सूचना कुणाची? संगणकाच्या आतली विश्वासाची साखळी

कॅबिनेटवरचे पॉवरचे बटण दाबले की संगणकात वीज येते, असे आपण धरून चालतो. खरे तर वीज आधीच आत आलेली असते. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डाला ५ व्होल्टचा एक बारीकसा पुरवठा अखंड देत राहतो आणि त्याच्या जोरावर बोर्डाचा एक कोपरा रात्रंदिवस जागा असतो. बटण म्हणजे दोन तारा क्षणभर जोडणारी साधी कळ. ती दाबली गेली की बोर्ड एसएमपीएसला इशारा देतो, एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिरावले की एका वेगळ्या तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा निरोप उलट धाडतो. या निरोपाला एक दशांश ते अर्धा सेकंद लागतो. तोवर प्रोसेसरला मुद्दाम रोखून धरलेले असते.

निरोप आला की प्रोसेसर सुटतो आणि आयुष्यातली पहिली सूचना वाचायला धावतो. कुठे? १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमधला इंटेल ८०८८ हा प्रोसेसर एक मेगाबाइट पत्त्यांच्या टोकापासून बरोबर १६ बाइट अलीकडे जायचा. आजचा प्रोसेसर चार गिगाबाइटच्या टोकापासून बरोबर १६ बाइट अलीकडे जातो. ८०८८ चा ठोका सेकंदाला ४७ लाख ७० हजार होता, आता तो पाचशे कोटींच्या घरात गेला. पण जागे झाल्यावर पहिले पाऊल कुठे टाकायचे, ही सवय चार दशकांत बदललेली नाही. सोळा बाइटांत फारसे काही मावत नाही. तिथे असते ती ‘पुढच्या अमुक ठिकाणी जा’ एवढीच आज्ञा.

त्या क्षणी संगणकाला धड रॅमही नसते. रॅमच्या पट्ट्या जागेवर असतात, पण त्यांच्याशी कोणत्या वेगाने, किती सूक्ष्म अंतराने बोलायचे हे अजून ठरलेले नसते. म्हणून सुरुवातीचा प्रोग्राम प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशमध्येच कामचलाऊ जागा करून घेतो, तिथे बसून रॅमची जुळवाजुळव करतो आणि मग तिकडे मुक्काम हलवतो. हा प्रोग्राम राहतो मदरबोर्डावरच्या एका फ्लॅश चिपमध्ये. जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, बहुधा आठ पायांची ही चिप. क्षमता साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट. आपण तिच्यातल्या प्रोग्रामला अजून बायोस म्हणतो. त्याचे आजचे रूप यूईएफआय या नावाने ओळखले जाते.

संगणकाच्या सुरक्षिततेचा सगळा प्रश्न या चिपपाशी येऊन थांबतो. अँटिव्हायरस विसंबतो ऑपरेटिंग सिस्टिमवर, ऑपरेटिंग सिस्टिम विसंबते तिला उठवणाऱ्या बूटलोडरवर आणि बूटलोडर विसंबतो या चिपमधल्या प्रोग्रामवर. सर्वांत आधी जो उठला, तो मागून उठणाऱ्या प्रत्येकाला हवे ते दाखवू शकतो आणि हवे ते लपवू शकतो. म्हणून संगणक विकत घेताना किंवा जोडून घेताना प्रोसेसर किती वेगवान आहे, याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: या यंत्रात पहिली सूचना कुणाची आहे आणि तिची खातरजमा कोण करतो?

आयबीएमने पीसी बनवला तेव्हा हा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या छोट्या गटाने बाजारात मिळणारेच सुटे भाग घेऊन १२ ऑगस्ट १९८१ रोजी हे यंत्र लोकांसमोर आणले. इतकेच नव्हे, तर बोर्डाचे आराखडे आणि बायोसचा संपूर्ण प्रोग्राम तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला. भाग सगळ्यांना मिळत होते. आयबीएमच्या मालकीचा असा एकच तुकडा उरला, तो म्हणजे बायोस. छापलेला असला तरी त्यावर कॉपीराइट होता. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने त्यावर कायदेशीर वाट काढली. एका गटाने आयबीएमचा बायोस वाचून तो काय काय करतो याचे टिपण तयार केले. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ प्रोग्राम कधी पाहिलाच नव्हता, त्या टिपणावरून नवा बायोस लिहिला. पाठोपाठ १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीजने असाच बायोस हवा त्याला विकायला काढला आणि पीसी कुण्या एका कंपनीचा राहिला नाही.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आज ज्यामुळे गजबजलेला असतो त्या ‘असेंबल्ड पीसी’चे मूळ इथे आहे. एका कंपनीचा बोर्ड, दुसरीचा प्रोसेसर, तिसरीची रॅम, चौथीचा एसएमपीएस, आणि सगळे एकमेकांत चपखल बसते. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट यांनाही हाच खुलेपणा लाभला. या खुलेपणाची मला मनापासून कदर आहे. ज्या घरांना ब्रँडेड संगणक कधीच परवडला नसता, त्या घरांतल्या मुलांपर्यंत संगणक पोहोचला तो याच वाटेने.

पण खुल्या दाराने सगळेच येतात. सुरुवातीला बायोस असायचा तो न पुसता येणाऱ्या चिपमध्ये, किंवा फार तर अतिनील प्रकाशानेच पुसता येणाऱ्या चिपमध्ये. नव्वदीच्या दशकात त्या जागी फ्लॅश चिप आली. सोय मोठी झाली. चिप न काढता, साध्या प्रोग्रामने बायोस बदलता येऊ लागला. ज्या प्रोग्रामने बदलता येतो त्या प्रोग्रामने बिघडवताही येतो, हे तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये दाखवून दिले. त्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस एक किलोबाइटच्या आसपास होता. एक्झिक्युटेबल फाइलमधल्या रिकाम्या जागांत तो तुकड्या-तुकड्यांनी शिरायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे. २६ एप्रिल १९९९ रोजी, म्हणजे चेर्नोबिल दुर्घटनेच्या तारखेला, तो जागा झाला. त्याने हार्ड डिस्कची सुरुवात पुसली आणि जिथे जमले तिथे बायोसवर कचरा लिहिला. आशियात फार मोठ्या संख्येने यंत्रे बंद पडली. बायोस गेलेल्या यंत्राला फॉरमॅट मारण्याचाही उपाय उरत नाही. पहिली सूचनाच नसेल तर फॉरमॅट करणारा प्रोग्राम चालणार कशावर? चिप बदलणे किंवा दुसऱ्या यंत्रावर नेऊन पुन्हा भरणे, एवढाच मार्ग होता.

त्यानंतर बोर्ड बनवणाऱ्यांनी चिपला राखण ठेवायला सुरुवात केली आणि पुढच्या काळात त्यातूनच विश्वासाची साखळी ही कल्पना आकाराला आली. कल्पना अशी: प्रत्येक कडीने पुढच्या कडीच्या हाती सूत्रे देण्यापूर्वी तिची डिजिटल सही तपासायची. सही जुळली तर पुढे, नाही तर तिथेच थांबायचे. यूईएफआयच्या २०११ च्या आवृत्तीत ही सोय ‘सिक्युअर बूट’ म्हणून आली आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ती घरोघर पोहोचली. बोर्डाच्या चिपमध्ये किल्ल्यांचे एक छोटेसे कोठार असते. सर्वांत वर ‘प्लॅटफॉर्म की’, म्हणजे यंत्राच्या मालकीची किल्ली. तिच्या खाली कोणाच्या सह्या चालतील याची यादी. आणि शेजारी कोणाच्या सह्या आता चालणार नाहीत याची काळी यादी. दोष सापडलेला जुना बूटलोडर खऱ्या सहीचाच असतो, म्हणून ही काळी यादी वेळोवेळी ताजी करावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०११ साली काढलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, हेही इथे सांगून ठेवतो. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, पण नवी प्रमाणपत्रे न घेतलेल्या यंत्राला बूटच्या टप्प्याचे पुढचे सुरक्षा-बदल मिळायचे थांबतात.

मग हे कोठार वापरणाऱ्या खुद्द यूईएफआयची सही कोण तपासतो? इथे काम सिलिकॉनकडे जाते. इंटेलच्या बूट गार्डमध्ये बोर्ड बनवणाऱ्याच्या किल्लीचा ठसा चिपसेटमधल्या फ्यूजमध्ये कायमचा कोरला जातो. हे फ्यूज एकदा लिहिले की परत कोरे होत नाहीत. एएमडीकडेही अशीच व्यवस्था आहे. व्यावसायिक लॅपटॉपवर ही राखण बहुधा चालू असते. सुट्या विकल्या जाणाऱ्या कित्येक मदरबोर्डांवर ती नसते. असेंबल्ड संगणक घेणाऱ्याला ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते.

साखळी कागदावर अभेद्य दिसते. प्रत्यक्षात ती बनवणाऱ्या हातांइतकीच पक्की असते. जुलै २०२४ मध्ये बायनार्ली या संस्थेच्या संशोधकांनी उघड केले की अनेक नामवंत कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांवर मालकीची किल्ली म्हणून चाचणीपुरती दिलेली नमुना किल्लीच बसवून माल बाजारात गेला होता. त्या किल्लीच्या नावातच इंग्रजीत ‘डू नॉट ट्रस्ट’ असे लिहिलेले होते. भरवसा ठेवू नका, असे ओरडून सांगणारी किल्ली वर्षानुवर्षे लाखमोलाच्या यंत्रांचा भरवसा वाहत होती, आणि तिची गुप्त बाजू इंटरनेटवर फुटलेलीही होती. त्याच संशोधकांनी त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, दाखवले होते की सुरू होताना पडद्यावर दिसणारे कंपनीचे चिन्ह, ते साधे चित्र वाचणाऱ्या प्रोग्राममध्येही चोरवाटा आहेत. सही तपासणीच्या चौकटीबाहेर राहिलेले एक चित्र साऱ्या साखळीला बगल देऊ शकत होते.

आता त्या चिपकडे वळू, जिचे नाव २०२१ मध्ये विंडोज ११ आल्यावर एकदम सर्वतोमुखी झाले: टीपीएम. ‘तुमच्या संगणकात टीपीएम २.० नाही’ या एका वाक्याने कित्येक चांगली चालती यंत्रे जुनी ठरली. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या वेळी या चिपबद्दल राग पुष्कळ व्यक्त झाला, पण ती करते काय हे फार थोड्यांनी समजून घेतले. मला मात्र ती आधुनिक संगणकातली सर्वांत देखणी कल्पना वाटते.

टीपीएम कुणाला अडवत नाही. ती फक्त साक्ष ठेवते. तिच्यात पीसीआर नावाचे दोन डझन छोटे रकाने असतात आणि त्यांतल्या प्रत्येकात २५६ बिटांचा एक आकडा मावतो. संगणक सुरू होताना महत्त्वाचे रकाने शून्यावर येतात. या रकान्यात हवा तो आकडा लिहिण्याची आज्ञाच अस्तित्वात नाही. आज्ञा एकच: रकान्यात आत्ता जो आकडा आहे त्याला नवा आकडा जोड, दोन्हींचा मिळून हॅश काढ आणि तो रकान्यात ठेव. हॅश म्हणजे कितीही मोठ्या मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा. मजकुरात एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. बायोस पुढच्या कडीला उठवण्यापूर्वी तिचा ठसा रकान्यात मिसळतो, ती कडी तिच्या पुढच्या कडीचा ठसा मिसळते, असे होत जाते. सगळे उठल्यावर रकान्यात जो आकडा उरतो, तो या सगळ्यांचा, आणि त्याच क्रमाने उठल्याचा पुरावा असतो. क्रम बदलला तरी आकडा बदलतो. विरजण लागलेल्या दह्याचे पुन्हा दूध होत नाही, तसा हा आकडा मागे नेता येत नाही. मधल्या एखाद्या लबाड कडीने स्वतःचा ठसा मागाहून पुसून टाकू म्हटले तर तिला ते जमत नाही.

यापुढची करामत अशी की टीपीएमला एखादे गुपित सांभाळायला देताना अट घालता येते: अमुक रकान्यांत अमुक आकडे असतील तरच हे परत द्यायचे. विंडोजचे बिटलॉकर हेच करते. डिस्कवरची सारी माहिती गुप्त लिपीत असते आणि ती उघडणारी किल्ली टीपीएमच्या ताब्यात. संगणक रोजच्या क्रमाने उठला तर किल्ली आपोआप मिळते, तुम्हाला काही कळतही नाही. कुणी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, किंवा पेन ड्राइव्हवरून भलतीच सिस्टिम उठवली, तर आकडे जुळत नाहीत आणि टीपीएम गप्प राहते.

तिला बोलते करण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि ते वाचताना थक्क व्हायला होते. २०१० मध्ये ख्रिस्टोफर टार्नोव्स्की या अमेरिकी अभियंत्याने अशा एका चिपचे कवच आम्लाने विरघळवले, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या आतल्या तारांवर अतिसूक्ष्म सुया टेकवल्या आणि आतले संभाषण ऐकले. कित्येक महिन्यांचे ते काम होते. दुसरी वाट याहून फार सोपी निघाली. वेगळी बसवलेली टीपीएम चिप आणि प्रोसेसर यांच्यामध्ये बोर्डावर तारा असतात, आणि किल्ली त्या तारांवरून उघडी जाते. २०२४ मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको या स्वस्त बोर्डाच्या मदतीने एका जुन्या लॅपटॉपच्या त्या तारांवरून डिस्कची किल्ली ४३ सेकंदांत वाचून दाखवली. यावर उपाय दोन. टीपीएम प्रोसेसरच्या आतच असेल तर बाहेर तारच नसते; इंटेलने तिला पीटीटी म्हटले, एएमडीने एफटीपीएम. आणि बिटलॉकरला सुरुवातीलाच पिन मागायला लावले, तर नुसते यंत्र हाती लागून भागत नाही. लॅपटॉप घेऊन लोकलने किंवा एसटीने रोज प्रवास करणाऱ्या, ग्राहकांची कागदपत्रे त्यात बाळगणाऱ्या सीए, वकील, डॉक्टर मंडळींनी हा पिन लावावाच, असे माझे ठाम मत आहे. ती सोय विंडोजच्या होम आवृत्तीत नाही, प्रो आवृत्तीत आहे.

किल्ली टीपीएममधून सुटली की ती येते रॅममध्ये. आणि रॅम ही फार विलक्षण वस्तू आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधलेल्या आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेवर ती आजही उभी आहे: एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक इवलासा कपॅसिटर. १६ गिगाबाइट रॅममध्ये असे १३,७०० कोटींहून जास्त कपॅसिटर असतात आणि त्यांतला प्रत्येक गळका असतो. भार गळून जाण्याआधी तो वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळीवरून हा हात फिरतो. संगणक स्वस्थ पडून असतो तेव्हाही आत हे भरणे चालूच असते.

वीज गेली की रॅममधले सगळे तत्क्षणी जाते, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे तपासून पाहिले. नेहमीच्या तापमानालाही माहिती काही सेकंद टिकते, असे दिसले. मग त्यांनी कीबोर्डवरची धूळ उडवायचा हवेचा डबा घेतला, उलटा धरला आणि रॅमवर फवारला. उलट्या डब्यातून द्रव बाहेर पडतो आणि चिप उणे ५० अंश सेल्सियसपर्यंत गारठते. अशी गारठलेली रॅम वीज तोडून दहा मिनिटे ठेवली, तरी एक टक्क्याहून कमी बिट बिघडले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या रॅममध्ये तासाभरानंतरही बिघाड होता अवघा ०.१७ टक्के. म्हणजे चालू किंवा झोपवलेला लॅपटॉप हाती लागला, तर रॅम गारठवून, काढून, दुसऱ्या यंत्रात बसवून डिस्कची किल्ली शोधता येत होती, आणि त्यांनी ती शोधून दाखवली. लॅपटॉप नुसता मिटून ठेवणे आणि पूर्ण बंद करणे यांत हा फरक आहे. बोर्डावरच जोडलेली रॅम आणि रॅममधला मजकूरच गुप्त लिपीत ठेवणारे काही व्यावसायिक प्रोसेसर यांमुळे आता हे काम अवघड झाले आहे.

सहा वर्षांनी रॅमचा दुसरा स्वभाव उघडा पडला. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल इथल्या संशोधकांनी, त्यांत ओनुर मुतलू होते, २०१४ मध्ये दाखवले की रॅममधली एकच ओळ पुन्हा पुन्हा, अतिवेगाने उघडली तर शेजारच्या, हातही न लावलेल्या ओळीतले बिट उलटतात. कपॅसिटर आकाराने इतके लहान आणि इतके दाटीवाटीने बसवलेले, की शेजाऱ्याच्या हालचालीने त्यांचा भार ढळतो. तीन उत्पादकांच्या १२९ पट्ट्या तपासल्या, त्यांत ११० बिघडल्या. पुढल्याच वर्षी गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने याच युक्तीने साध्या प्रोग्रामला संगणकाचा सर्वाधिकार मिळवून दाखवला. कुठल्याही प्रोग्राममध्ये चूक नाही, कुणाची सही खोटी नाही, तरी भिंत कोसळते. कारण भिंतच विद्युतभाराची आहे. प्रोसेसर पुढची पायरी आधीच अंदाजाने चालून ठेवतो आणि अंदाज चुकला तर मागे येतो, या युक्तीतही खुणा मागे राहतात. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी ते दाखवले. त्यांवरचे उपाय अर्धे बायोसमधून आणि अर्धे ऑपरेटिंग सिस्टिममधून आले.

आता खरेदी. वर जे सांगितले त्यावरून माझा क्रम ठरतो, आणि तो दुकानातल्या नेहमीच्या क्रमाहून वेगळा आहे. दुकानात बोलणे सुरू होते प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापासून; मदरबोर्ड म्हणजे ‘त्यावर चालेल तो’. मी आधी बोर्ड पाहतो. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर जाऊन बायोसच्या किती आवृत्त्या आल्या, शेवटची कधी आली आणि त्याच कंपनीच्या चार-पाच वर्षे जुन्या बोर्डांना अजून आवृत्त्या मिळतात का, हे बघावे. ज्या कंपनीने जुन्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडले, ती उद्या तुम्हालाही सोडेल. बायोस बिघडला तर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून तो परत भरता येईल असे, फ्लॅशबॅक नावाचे बटण पुष्कळ बोर्डांवर मागच्या बाजूला असते. थोडे जास्त पैसे पडले तरी ते असलेला बोर्ड घ्यावा. बायोस बदलत असताना वीज गेली तर यंत्र मुके होते, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस त्यासाठीही हवा.

काटकसर करायची तर कॅबिनेटच्या दिव्यांत करा, एसएमपीएसमध्ये नको. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला बिनानावाचा एसएमपीएस बिघडला तर एकटा जात नाही, बोर्डालाही घेऊन जातो. ८० प्लसचे प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमतेचे असते, आतल्या संरक्षणाचे नव्हे, म्हणून नाव आणि वॉरंटी दोन्ही बघावे. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असलेले पक्के जीएसटी बिल घ्यावे. ‘बिलाशिवाय हजार कमी’ हा सौदा वॉरंटी मागायच्या दिवशी महाग पडतो. जुना व्यावसायिक लॅपटॉप घेत असाल तर पैसे देण्याआधी बायोसमध्ये शिरून दाखवायला सांगा. साध्या बोर्डाचा बायोस पासवर्ड नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ सेल काढून किंवा जंपर लावून पुसता येतो. अनेक व्यावसायिक लॅपटॉपांत तो वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढून काही होत नाही. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका ही साधारण खालची मर्यादा धरावी.

यंत्र स्वतः जोडण्यात जो आनंद आहे तो एकदा घ्यावाच. सॉकेटचा दांडा उचलला की आत सोनेरी टोकांची दाटी दिसते. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये ती १७१८ असतात. तिथे बोट लावायचे नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. दांडा खाली आणताना मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो. नवख्याचा हात तिथे थबकतो, पण ते तसेच असते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ नेमक्या भोकांखालीच आहेत ना, हे दोनदा पाहायचे. प्रोसेसरची आठ पिनांची वीज वरच्या डाव्या कोपऱ्यात लावायची असते. ती राहून जाणे ही सर्रास होणारी चूक. आणि सगळे जोडून पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तर लगेच घाबरून वीज तोडू नका. डीडीआर५ रॅमची ती सुरुवातीची जुळवाजुळव पहिल्या वेळी काही मिनिटेही चालते.

पडदा उजळला की विंडोज टाकायची घाई न करता बायोसमध्ये जा. जुन्या पद्धतीने बूट करणारे सीएसएम बंद असावे, पीटीटी किंवा एफटीपीएम चालू असावे, सिक्युअर बूट चालू असावे आणि त्याच्या किल्ल्या खरोखर भरलेल्या असाव्यात. कित्येक बोर्डांवर ते ‘चालू’ दिसते पण किल्ल्यांचे कोठार रिकामे असते. बायोसची ताजी आवृत्ती इथेच भरून घ्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची. विंडोज ११ च्या २०२४ पासूनच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्ट खाते वापरून विंडोज नव्याने टाकली, की बहुतेक यंत्रांवर डिस्क आपोआप गुप्त लिपीत जाते. ती उघडणारी सुटकेची किल्ली ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. त्यातला प्रत्येक गट ११ ने निःशेष भागला जातो. समजा एक गट २७१८४३ आहे; ११ ने भागा, २४७१३ येतात, बाकी शून्य. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर भाग जात नाही आणि चूक त्या गटापाशीच पकडली जाते. बोर्ड बदलला, टीपीएम पुसली गेली, कधी कधी बायोस बदलला, की रकान्यांतले आकडे जुळत नाहीत आणि पडद्यावर हीच किल्ली मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचे फोटो, हिशेब, प्रबंध कुणालाही परत मिळवून देता येत नाहीत. दुकानदाराला नाही आणि मायक्रोसॉफ्टलाही नाही. तेव्हा बायोस बदलण्याआधी बिटलॉकर तात्पुरते थांबवा. आणि आज संगणक बंद करण्यापूर्वी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा बिटलॉकरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते ४८ अंक शोधा, कागदावर लिहा, प्रत्येक गटाला ११ ने भागून पाहा आणि तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लावून ठेवा.